शेवट ठाऊक असलेली गोष्ट आपण ऐकतो तरी का?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी थेसिसचं तिसरं प्रकरण लिहिण्यात आणि मग त्यातली चाळीसेक पानं फेकून देण्यात वेळ गेला. ती पानं का फेकावी लागली, हेच आज सांगणार आहे. घाबरू नका, रडगाणं नाही. त्या निमित्ताने तुम्हाला एका जादूच्या राज्यात फिरवून आणते.

सुरुवात ओळखीच्या ठिकाणाहून करू. 2018 सालचा 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात डॉक्टर स्ट्रेंज नावाचा जादूगार पुढे काय काय घडू शकतं ते पाहून येतो. एकूण 1,40,00,605 शक्यता, आणि त्यातल्या फक्त एकीत आपली माणसं जिंकतात. थिएटरात सगळे श्वास रोखून बसतात. आता कल्पना करा, त्याने परत येऊन सांगितलं असतं, "शक्यता एकच आहे, आपणच जिंकणार आहोत, जिंकणाऱ्याचं नावही लिहून ठेवलंय." तुम्ही सिनेमा पुढे पाहिला असता का?

मी ज्या ग्रंथावर काम करते, तो असाच आहे. त्याचं नाव 'तिलिस्मे होशरुबा'. होशरुबा म्हणजे शुद्ध हरपवणारं, भान हिरावून घेणारं.

ही भानगड नक्की काय आहे?

अमीर हमजा नावाच्या वीराच्या कथा फारसीतून भारतात आल्या आणि इथे भरमसाठ वाढल्या. नायकाचं नाव प्रेषित मुहंमदांच्या काकांचं, पण गोष्टी इतिहासाच्या नव्हेत, निव्वळ कल्पनेच्या. अकबराला त्यांचं वेड होतं. दरबार खान नावाचा कथेकरी त्याला त्या ऐकवायचा. अकबराने 'हमजानामा'साठी सुमारे 1400 मोठी चित्रं काढून घेतली आणि त्या कामाला पंधराएक वर्षं लागली. आज त्यातली दोनशेही शिल्लक नाहीत.

या कथा सांगणाऱ्याला दास्तानगो म्हणत. गो म्हणजे सांगणारा. आपल्याकडचा कीर्तनकार डोळ्यासमोर आणा. पूर्वरंगातला उपदेश काढून टाका, आख्यान तेवढं ठेवा आणि ते महिनोन्‌महिने चालवा, म्हणजे साधारण अंदाज येईल.

पुढे लखनौच्या नवल किशोर छापखान्याने हा मौखिक पसारा उर्दूत छापायला घेतला. 1883 पासून पुढे एकूण 46 खंड निघाले. पानं चाळीस हजारांहून जास्त. 'होशरुबा' हा त्याचा सर्वात गाजलेला भाग. पहिले चार खंड मुहंमद हुसैन जाह यांनी लिहिले, उरलेले अहमद हुसैन कमर यांनी. दोघेही मुळात सांगणारे, म्हणून त्यांचं गद्य वाचतानाही कुणीतरी समोर बसून बोलतंय असं वाटतं.

तिलिस्म चालतं कसं?

तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेलं बंदिस्त जग. त्याचे तीन नियम लक्षात ठेवा.

एक, ते कुणीतरी बांधलेलं असतं. दोन, ते बांधतानाच त्याच्या नाशाची सोय केलेली असते. कुठेतरी एक लौह, म्हणजे पाटी, लपवलेली असते आणि तिलिस्म कसं फोडायचं ते तिच्यावर उमटतं. तीन, ही पाटी कुणाच्याही उपयोगाची नाही. ज्याच्या नशिबात तिलिस्म फोडणं लिहिलंय, त्यालाच ती वाट दाखवते. त्याला म्हणतात तिलिस्मकुशा.

म्हणजे कुलूप, किल्ली आणि किल्ली फिरवणारा हात, तिन्ही आधीच ठरलेलं!

होशरुबाचा बादशहा आहे अफरासियाब, जादूगारांचा सम्राट. त्याच्या राज्याचे दृश्य आणि अदृश्य असे भाग आहेत, मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. त्याच्याकडे सामरीचा ग्रंथ आहे. उघडून विचारलं की काय चाललंय ते त्यातून कळतं. समोर हमजाची फौज. हमजा स्वतः जादू करत नाही. त्याच्याकडे इस्मे आझम, म्हणजे ईश्वराचं महान नाव आहे, ज्याच्या उच्चाराने जादू विरते. त्यामुळे जादूगारांची पहिली धडपड असते ती हे नाव त्याच्या तोंडून बाहेर पडू न देण्याची. आणि होशरुबा फोडणारा म्हणून नाव लिहिलंय ते हमजाचं नाही, त्याचा नातू असदचं.

सोबत असतात अय्यार. अय्यार म्हणजे हेर, बहुरूपी आणि ठग यांचं मिश्रण. त्यांचा म्होरक्या अमर. त्याच्या खांद्याला जंबील नावाची पिशवी असते आणि तिच्यात अख्खी दुनिया मावते. बॅटमॅनचा पट्टा तिच्यापुढे अगदीच कंपासपेटी.

नशीब हे राजकारणही होतं

हमजाला सतत 'साहिबकिरान' म्हटलं जातं. किरान म्हणजे ग्रहांची युती. शुभ युतीवर जन्मलेला, तो साहिबकिरान. ही पदवी कथेपुरती नव्हती. तैमूर स्वतःला साहिबकिरान म्हणवून घ्यायचा आणि शाहजहानने 'दुसरा साहिबकिरान' ही उपाधी घेतली. अझफर मोईन या इतिहासकारांनी 2012 साली आलेल्या पुस्तकात दाखवलंय की मुघल आणि सफवी बादशहांच्या सत्तेमागे अशा कल्पनांचं केवढं बळ होतं. म्हणजे दरबारात हमजाची गोष्ट ऐकणारा बादशहा एका अर्थी स्वतःचीच कुंडली ऐकत होता.

यावरून मी माझा सिद्धान्त बांधला होता. दास्तान म्हणजे नियतीवाद, सगळं आधीच लिहिलेलं, माणूस हे नुसतं प्यादं, आणि राजांना हे सोयीचं म्हणून ते इतकं वाढलं. चाळीस पानं झरझर लिहून झाली. मी खूश.

सेमिनारमध्ये मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "मग ऐकणारे रोज परत का येत होते गं?"

मला उत्तर देता आलं नाही. नुसतं 'जिंकणार, जिंकणार' ऐकायला कोण महिनोन्‌महिने येईल? आणि आलेले सगळे काही बादशहा नव्हते. लखनौ-दिल्लीत बाजारातली साधी माणसंही दास्तान ऐकायला बसायची. त्यांच्या कुंडलीत कुठलं आलंय साहिबकिरान होणं?

पुन्हा वाचल्यावर काय दिसलं

मग मी एक साधं काम केलं. नशिबात नाव असलेला माणूस प्रत्यक्ष काय करतो, याच्या नोंदी काढल्या. उत्तर ऐकून हसाल. असद पकडला जातो. दीर्घकाळ तो कैदेतच असतो! ज्याच्या हातून तिलिस्म फुटायचं, तो गजांआड, आणि पानं मात्र उलटतच राहतात.

मग लढतं कोण? एक तर अय्यार. कधी म्हातारी, कधी दासी, कधी खुद्द अफरासियाबचा सरदार बनून ते दरबारात शिरतात. अफरासियाबकडे ग्रंथ आहे, पण त्यात बघायचं हे सुचायला आधी संशय यावा लागतो. तोवर अय्यार कुणाला तरी बेशुद्ध करून, गाठोडं बांधून पसार झालेला असतो. सगळं सांगणारं पुस्तक जवळ असूनही माणूस फसतो. हातात मोबाइल असलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि दुसऱ्या म्हणजे जादूगारणी. माझ्या मते होशरुबाची खरी ताकद यांच्यात आहे. महरुख ही अफरासियाबच्याच राज्यातली मातब्बर जादूगारीण, पण ती बंड करते आणि असदच्या बाजूच्या फौजेचं नेतृत्व करते. बहार ही तर अफरासियाबची मेहुणी, त्याची राणी हैरत हिची सख्खी बहीण. बहार फुलांचा गुच्छ फेकते आणि रणांगणावर वसंत फुलतो. शत्रूचे सैनिक तिच्यावर भाळून भान विसरतात. तीही बाजू बदलते. तिलिस्म कोण फोडणार हे लिहिलेलं आहे, पण त्या पाटीवर या दोघींची नावं नाहीत. तरी त्या नसत्या तर असदचं नशीब कैदखान्यातच कुजलं असतं.

इथे माझी चाळीस पानं कोसळली.

नशीब शेवटचं वाक्य ठरवतं. मधली हजारो पानं माणसांना लढूनच भरावी लागतात. कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे कुठल्याच पाटीवर कोरलेलं नसतं. अफरासियाबचंच बघा ना. आपलं राज्य एक दिवस बुडणार, हे त्यालाही माहीत आहे. तो तरी लढतो, चिडतो, हसतो, पुन्हा डाव मांडतो. खलनायक असून तो आपल्या लक्षात राहतो, तो त्यामुळेच.

शम्सुर्रहमान फारुकी यांनी दास्तानांवर जे अफाट काम केलं, त्यात एक मुद्दा ठसठशीतपणे येतो. दास्तान वाचायची चीज नाही, ऐकायची आहे, आणि तिला कादंबरीचे नियम लावू नयेत. 'दास्तान रोखणं' ही कथेकऱ्यांची खास कला होती. म्हणजे कथानक पुढे सरकू न देताही श्रोत्याला खिळवून ठेवणं. प्रियकर आणि प्रेयसी यांच्यात फक्त एक पडदा उरलाय, तो उचलायचा बाकी आहे, आणि एका कथेकऱ्याने दिवसचे दिवस तो पडदा उचलूच दिला नाही, असा किस्सा सांगतात. पडदा उचलला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. लोक रोज परत येत होते ते तो उचलला जाईपर्यंत काय काय होतं, ते ऐकायला.

आपला काय संबंध?

आहे तर! माझी आई सांगते, 1994 साली रविवारी 'चंद्रकांता' लागली की गल्ली ओस पडायची आणि पोरं क्रूरसिंगासारखं 'यक्कू' करत फिरायची. त्या मालिकेमागची देवकीनंदन खत्री यांची कादंबरी 1888 ची, म्हणजे लखनौत होशरुबा छापली जात असतानाचीच. तिलिस्म आणि अय्यार हे शब्द तिथूनच आलेत. फरक एवढाच की खत्रींनी जादू काढून टाकली आणि तिच्या जागी कळा, यंत्रं, गुप्त दरवाजे बसवले. मात्र तिलिस्म कोण फोडणार, हे ठरलेलं असणं त्यांनीही सोडलं नाही.

मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा आणल्या, हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 साली आली, नाथमाधवांचा 'वीरधवल' 1913 साली. आणि मराठीतही अशा अद्भुताला 'पोरकट' म्हणून बाजूला सारलं गेलं. उर्दूत सुधारकांनी हेच केलं. इंग्रजी शिकलेल्यांना दास्तानांची लाज वाटू लागली.

लाजेची किंमत काय असते? दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली उतारवयात सुपारी विकत. 1928 साली ते गेले. हजारो रात्री सांगितलेल्या त्या गोष्टींपैकी त्यांच्या आवाजात उरलंय ते ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणासाठी केलेलं काही मिनिटांचं ध्वनिमुद्रण. छापील 46 खंडांचा पूर्ण संच मिळणंही दुर्मीळ झालं होतं. टपाल खात्यात नोकरी करता करता फारुकींनी एकेक खंड शोधून तो जमवला. 2005 मध्ये महमूद फारुकी यांनी त्यांच्याच प्रोत्साहनाने दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. आज पांढऱ्या अंगरख्यातले दोघे जण गादीवर बसून अमर अय्याराच्या करामती सांगतात आणि सभागृह हसतं.

मला वाटतं, हीदेखील होशरुबाचीच गोष्ट आहे. दास्तान मरणार, हे शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. एका माणसाने ते मान्य केलं नाही आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून खंड गोळा करत बसला. त्याचं नाव तरी कुठल्या पाटीवर होतं?

तर मंडळी, तिसरं प्रकरण नव्याने लिहितेय. आता शीर्षकात नियती नाही, महरुख आणि बहार आहेत. मॅडम म्हणाल्या, "आता बरं वाटतंय वाचायला." पीएचडीत हे वाक्य म्हणजे लौह सापडल्यासारखंच.

एक काम तुम्हालाही देते. घरातल्या जाणत्यांना विचारा, लहानपणी त्यांना कुणी गोष्टी सांगितल्या, आणि कुठली गोष्ट त्यांनी शेवट माहीत असूनही पुन्हा पुन्हा मागून ऐकली. विचाराल तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. बाकर अलींची काही मिनिटं तरी उरली. आपल्या आजीची तेवढीही नसतात.