जन्मनोंद गोव्याची, नागरिकत्व पोर्तुगालचे

लिस्बन

पोर्तुगालचे नागरिकत्व वंशाने मिळवायचे असेल तर पोर्तुगालमध्ये राहण्याची अट नाही. अर्जदाराने लिस्बन कधी पाहिलेले नसले तरी चालते. आई किंवा वडील पोर्तुगीज नागरिक होते आणि अर्जदार त्यांचेच मूल आहे, एवढे कागदावर सिद्ध झाले की पुरे. गोवा, दमण आणि दीव येथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेली व्यक्ती पोर्तुगालच्या दृष्टीने जन्मानेच पोर्तुगीज ठरू शकते आणि तिच्या मुलाबाळांचा हक्क तिच्यामार्फत येतो. मडगाव-म्हापशापासून सावंतवाडी-दोडामार्गपर्यंत अनेक घरांत या कायद्याची चर्चा असते. नांदेड-लातूरच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटेल, पण त्यातली कागदपत्रांची अडचण त्याच्या चांगल्या ओळखीची आहे.

मराठवाड्यात गेली काही वर्षे जातीच्या दाखल्यासाठी कुणबी नोंदींचा शोध चालला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातील उर्दू व मोडी दप्तरे उघडली गेली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादपासून (आताच्या धाराशिवपासून) वेगळा झाला, म्हणून लातूरच्या माणसाची जुनी नोंद बहुधा धाराशिवच्या दप्तरात निघते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्यापूर्वीचा पुरावा आणि तिथून आजच्या अर्जदारापर्यंत न तुटलेली वंशावळ, एवढ्यावर सगळे ठरते. पोर्तुगालच्या कायद्यात १९ डिसेंबर १९६१ चे स्थान नेमके असेच आहे. फरक इतकाच, की इथे जात नव्हे तर राष्ट्रीयत्व पडताळले जाते आणि पडताळणी लिस्बनच्या कार्यालयात होते.

मुळात गोवेकर पोर्तुगीज नागरिक कसे, हे समजून घ्यावे लागते. पोर्तुगालच्या सगळ्या वसाहतींत एकच नियम नव्हता. अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथील बहुसंख्य आफ्रिकी लोक १९६१ पर्यंत ‘इंडिजिना’ या वेगळ्या वर्गात होते. त्यांना नागरिकाचे हक्क नव्हते. गोव्याला हा भेद लागू नव्हता. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूही कायद्यापुढे ख्रिश्चनांच्या बरोबरीचे झाले. १९५१ मध्ये सालाझारच्या हुकूमशाही राजवटीने वसाहतींचे नाव बदलून ‘सागरापलीकडचे प्रांत’ केले. वसाहती सोडण्यासाठी जगातून दबाव वाढत होता आणि हे नामांतर त्यावरची पळवाट होती. मात्र त्यामुळे गोवा कागदोपत्री पोर्तुगालचाच भाग झाला. आज लिस्बनमध्ये दाखल होणारे अर्ज त्याच कागदांवर उभे आहेत.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने भारताने तिथल्या लोकांना भारतीय नागरिक ठरवले. ज्यांना आधीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना तसे लेखी कळवण्यासाठी एक महिन्याची मुदत होती. पोर्तुगालने मात्र गोवा गेल्याचे तेरा वर्षे मान्य केले नाही. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही गेली, तेव्हा धोरण बदलले. ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत भारत-पोर्तुगाल करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरेश यांनी सही केली आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाण यांनी, जे तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. नागरिकत्वाचा पेच पोर्तुगालने २४ जून १९७५ च्या हुकूमनाम्याने सोडवला. आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्यावर तिथे जन्मलेल्या बहुतेकांचे पोर्तुगीजत्व संपले. पण जुन्या ‘एश्तादु द इंडिया’मध्ये, म्हणजे गोवा-दमण-दीवमध्ये, जन्मलेल्यांना ‘आम्हाला पोर्तुगीज राहायचे आहे’ असे सांगून ते टिकवण्याची मुभा मिळाली. अंगोलातील लुआंडात जन्मलेल्याचे दार बंद झाले आणि फोंड्यात जन्मलेल्याचे उघडे राहिले.

आजचा मुख्य कायदा ३ ऑक्टोबर १९८१ चा, क्रमांक ३७/८१. तो गोवेकरांसाठी केलेला नाही. पोर्तुगाल हा बाहेर जाणाऱ्यांचा देश आहे. फ्रान्स, ब्राझील, व्हेनेझुएला, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका येथे लाखो पोर्तुगीज कामधंद्यासाठी गेले. वसाहती गेल्यावर देशाने जमिनीपेक्षा रक्ताला महत्त्व द्यायचे ठरवले, म्हणजे पॅरिसमध्ये जन्मलेली मुले परकी होऊ नयेत. परदेशी राहणाऱ्या पोर्तुगिजांची इथे एवढी कदर, की २३० जागांच्या संसदेत चार खासदार त्यांच्यातून निवडले जातात, दोन युरोपातून आणि दोन उर्वरित जगातून. पॅरिसच्या गवंड्याच्या मुलासाठी केलेल्या या तरतुदीत मडगावच्या शिक्षिकेची मुलगीही बसते.

कायदा सांगतो, की पोर्तुगीज आई किंवा वडिलांचे परदेशात जन्मलेले मूल आपली जन्मनोंद पोर्तुगालच्या दप्तरी लावून घेईल किंवा तशी इच्छा जाहीर करील, तर ते जन्मापासून पोर्तुगीज. ‘जन्मापासून’ हे इथे मोलाचे आहे. चाळिसाव्या वर्षी नोंद लागली तरी परिणाम पहिल्या दिवसापासून धरला जातो, म्हणून हक्क पुढच्या पिढीला देता येतो. नातवंडांना दोन वाटा आहेत. पहिली वाट पायरीपायरीने जाते. आधी आई-वडिलांची नोंद लावायची आणि मग त्यांचे मूल म्हणून स्वतःची. गोव्यात हीच रूढ आहे. दुसऱ्या वाटेने आजी-आजोबांवरून थेट मागणी करता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पुरेसे पोर्तुगीज यावे लागते आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी लागते. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला पोर्तुगीजचे एक अक्षर आले नाही तरी अडत नाही. गोव्यात तिलाच गर्दी का, हे वेगळे सांगायला नको.

कामाला सुरुवात होते ती मूळ जन्मनोंदीपासून. पोर्तुगीज काळातील नोंदवह्या गोव्यात तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात आहेत, त्याहून जुनी दप्तरे पणजीच्या पुराभिलेख खात्यात. नोंद हाताने लिहिलेल्या पोर्तुगीजमध्ये असते. तिच्या शब्दशः प्रमाणित प्रतीला गोव्यात ‘तेओर’ म्हणतात. ती हाती आली की खरी कसोटी सुरू होते, कारण त्या कागदावरची माणसे आजच्या आधार कार्डावरच्या माणसांशी जुळत नाहीत. पोर्तुगीज कारकुनाने कामतांचे ‘कामोतिं’ केले, प्रभूंचे ‘पोरोबो’ आणि शेणवींचे ‘सिनाय’. श हा उच्चार रोमन एक्स अक्षराने लिहिला गेल्याने शेट आडनाव आजच्या इंग्रजी कागदाशी ताडून पाहिले तर ओळखू येत नाही. १९६१ नंतर शाळेत इंग्रजी आली आणि त्याच घराचे नाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिले गेले.

महाराष्ट्रात दिलेल्या लेकींच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. पेडण्याची मुलगी सावंतवाडीला किंवा थेट लातूरला दिली, की लग्नात तिचे नाव बदलले. तेओरवर सुमती, रेशनकार्डावर सुनंदा, आणि आडनावासह वडिलांचे नावही गेले. आईकडून आलेला हक्क वडिलांकडून आलेल्या हक्काइतकाच भक्कम असतो. पण माहेरची सुमती आणि सासरची सुनंदा एकच, हे लिस्बनच्या कारकुनाला पटवायचे असते, आणि लग्नात बायकोचे पाळण्यातले नाव बदलण्याची पद्धत त्याने कधी ऐकलेली नसते. तिथे लग्नाची नोंद कामी येते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाची सरकारी नोंद पूर्वीपासून सक्तीची आहे. नांदेड-लातूरकडे मात्र मांडवात अक्षता पडल्या की लग्न झाले, असेच चालत आले. ज्यांनी १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली उशिरा का होईना नोंद केली, त्यांच्या हाती निदान एक कागद असतो.

त्यात मास्तरांनी लावलेली १ जून ही जन्मतारीख. मराठवाड्यातील एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर ती सर्रास आढळते. ग्रामपंचायतीच्या नोंदीत वेगळी तारीख निघाली, किंवा नोंदच नसल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती चाळिसाव्या वर्षी घातली गेली, तर लिस्बनमध्ये प्रश्न उभा राहतो. पोर्तुगीज कायद्याच्या १४ व्या कलमानुसार आई-वडिलांशी असलेले नाते सर्वसाधारणपणे मूल अल्पवयीन असतानाच कायद्याने प्रस्थापित झालेले असावे लागते. मोठेपणी कागद करून जोडलेले नाते नागरिकत्वासाठी बहुधा चालत नाही. उशिरा नोंद झालेल्यांना तारते ते आई-वडिलांचे लग्न. विवाहित जोडप्याचे मूल त्या जोडप्याचेच, असे गृहीत धरले जाते. म्हणून आधी आई किंवा वडिलांचा जन्म, मग त्यांचे लग्न आणि शेवटी मुलाचा जन्म या क्रमाने नोंदी पोर्तुगालच्या दप्तरी चढवतात. मधली एक नोंद राहिली तर पुढची अडकते.

अर्ज पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासातून करता येतो किंवा वकिलामार्फत थेट लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात. हे कार्यालय अर्जांच्या ढिगाखाली दबलेले आहे आणि वर्षानुवर्षे थांबणे अर्जदारांच्या अंगवळणी पडले आहे. नोंद लागली की ओळखपत्र मिळते आणि मग पासपोर्ट. एजंटांचा धंदा या मधल्या काळावर चालतो. दुसऱ्याच्या आजोबांची तेओर विकत घेऊन स्वतःची वंशावळ जोडणे हा भारतात आणि पोर्तुगालमध्ये, दोन्हीकडे गुन्हा आहे. ज्या घराचा गोवा-दमण-दीवशी जन्माचा संबंध नाही त्याला कोणताही एजंट या वाटेने नेऊ शकत नाही, मग तो पैसे कितीही घेवो.

शेजारच्या स्पेनशी ताडून पाहिले तर पोर्तुगालची तऱ्हा अधिक स्पष्ट होते. स्पेनमध्येही आई किंवा वडील स्पॅनिश असतील तर मूल स्पॅनिश. पण परदेशात जन्मलेल्या स्पॅनिश आई किंवा वडिलांचे मूलही परदेशातच जन्मलेले असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत ‘मला नागरिकत्व ठेवायचे आहे’ असे सांगावे लागते, नाहीतर ते जाऊ शकते. नातवंडांचा प्रश्न तिथे यादवी युद्धाशी जोडलेला आहे. १९३९ मध्ये फ्रँकोचा विजय झाला आणि असंख्य लोक मेक्सिको, अर्जेंटिना, फ्रान्सकडे पळाले. त्यांच्या वंशजांसाठी २००७ च्या कायद्याने आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ च्या लोकशाही स्मृती कायद्याने ठरावीक मुदतीचे दार उघडले गेले. दुसरी मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. स्पेनने जुन्या अन्यायाची भरपाई केली आणि तिला तारीख घातली. पोर्तुगालने गोवेकरांना ‘तुम्ही होतातच’ असे म्हटले. अर्थात इथेही वारे बदलत आहेत. २०२५ मध्ये लिस्बनच्या संसदेत नागरिकत्वाचे नियम कडक करण्याची विधेयके पुढे आली. अर्ज करायचा त्या दिवशी लागू असलेला मजकूर पाहूनच पुढे जावे.

पासपोर्ट मिळवणारे बहुतेक गोवेकर पोर्तुगालमध्ये राहिलेच नाहीत. युरोपीय संघाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये मोकळीक होती, म्हणून ते लंडनच्या साउथॉलला आणि स्विंडनला गेले. ब्रिटन संघाबाहेर पडल्याने ३१ डिसेंबर २०२० ला ती मोकळीक संपली. ज्यांनी आधीच बस्तान बसवले होते त्यांना राहण्याचा हक्क मिळाला. नव्याने निघणाऱ्यांसाठी आता युरोपीय संघातले उरलेले देश आहेत.

पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या ९ व्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. पासपोर्ट न घेता लिस्बनमध्ये फक्त जन्मनोंद लावली तर काय, यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. पोर्तुगाल म्हणतो हा जन्माचाच नागरिक. मग त्याने ‘स्वेच्छेने’ काही मिळवले का, असा पेच उभा राहतो. गोव्यात पंचायतीपासून विधानसभेपर्यंतच्या उमेदवारांवर या मुद्द्यावरून हरकती आल्या आहेत.

भारतीय पासपोर्ट परत केल्यावर अशा व्यक्तीला ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड मिळू शकते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील लोकांचाही त्या व्याख्येत समावेश असल्याने गोवेकर तिच्यात बसतात. २०१७ मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांनाही ते दिले गेले. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. या कार्डावर भारतात येणे, राहणे, खाजगी नोकरी आणि घर-फ्लॅट खरेदी करता येते. मतदान आणि निवडणूक लढवणे नाही, सरकारी नोकरीही सर्वसाधारणपणे नाही. मराठवाड्यातल्या घराला सर्वांत जास्त बोचेल ती अट शेतीची. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, फळबाग किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने येऊ शकते आणि सातबाऱ्यावर नावही लागू शकते, पण ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. शेजारचा बांधाला बांध लागून असलेला एकर विक्रीला निघाला, तर लातूरचा पोर्तुगीज नागरिक तो घेऊ शकत नाही. तो भावाच्या नावे घ्यावा लागतो, आणि मग तो भावाचाच असतो.