समुद्रकाठचा मुक्काम : आधी तिथी, मग खोली

कुटुंबातील लहानथोर बारा-चौदा माणसांनी मिळून चार दिवस समुद्रकाठी जाऊन राहावयाचे, ही गोष्ट आता पूर्वीइतकी दुर्घट राहिलेली नाही. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, आणि रत्नागिरीस जावयाचे म्हणजे घाटाची वळणे मोजीत व लिंबू हुंगीत जावयाचे, ही धास्ती मागे पडली. खोली राखून ठेवण्यासही पत्र धाडून उत्तराची वाट पाहात बसावे लागत नाही. घरातील एखादे चिरंजीव मोबाइलवर चार चित्रे पाहतात, पैसे भरतात आणि पानावरून उठण्यापूर्वी सर्व ठरवून मोकळे होतात. या झपाट्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की, पलंग किती, वातानुकूल यंत्र आहे की नाही, न्याहारी भाड्यात धरली आहे काय, याचा पुष्कळ खल होतो. पण ज्या समुद्रासाठी हा सारा खटाटोप, तो त्या दिवशी कोणत्या अवस्थेत असेल, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वास्तविक हे कळण्यास घरातील पंचांग पुरेसे आहे. भरती-ओहोटीचा कारक मुख्यतः चंद्र, आणि तिथी म्हणजे तरी काय, सूर्यापासून चंद्र किती अंतरावर गेला याचेच माप. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. आम्हांस त्याहूनही सोपे वाटते ते दोन घटिकांचे गणित. अमावास्येस व पौर्णिमेस आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती सुमारे बारा वाजता, म्हणजे मध्यान्ही व मध्यरात्री येते. पुढे दर तिथीस ती दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, उशिरा होत जाते. पंधरा तिथींच्या तीस घटिका झाल्या की बारा तास पुरे होतात आणि चक्र पुन्हा पहिल्या जागी येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे तीन वाजून बारा मिनिटे, अष्टमीस साडेसहाच्या आतबाहेर, एकादशीस पावणेनऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईकडून दक्षिणेस जावे तसतशी भरती थोडी आधी येते व तिची उंचीही कमी होत जाते, तेव्हा रत्नागिरीकडे जाणाऱ्याने पाऊण-एक तासाची सूट धरावी. मिनिटामिनिटाचा आग्रह असणाऱ्यांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध होतात.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. चंद्रोदय होताच सागर उचंबळतो, असा संस्कृत कवींचा जुना संकेत आहे. वरील गणिताने पाहू गेल्यास पौर्णिमेचा चंद्र सायंकाळी सहाच्या सुमारास उगवतो, आणि त्या वेळी आपल्याकडे भरती नसून ओहोटी असते! परंतु किंचित थांबावे. ओहोटी पूर्ण झाली म्हणजे पाणी फिरते आणि चढू लागते, ते नेमके त्याच सुमारास. म्हणजे उचंबळण्यास आरंभ होतो तो चंद्रोदयीच. कवींनी डोळे मिटून लिहिले नव्हते एवढे खास. ‘वेला’ या एका शब्दात संस्कृताने काळ, भरती आणि किनारा हे तिन्ही अर्थ साठविले, तेही उगाच नव्हे.

आता या गणिताचा मुक्काम ठरविण्याशी संबंध काय, ते पाहू. लहान मुले बरोबर असतील तर आम्ही तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे चार दिवस पसंत करू. तृतीयेस ओहोटी सकाळी आठच्या पुढेमागे व षष्ठीस साडेदहाच्या सुमारास पूर्ण होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा सापडतो. मुलांनी किल्ले करावेत, शिंपल्या वेचाव्यात, आजोबांनी त्यावरून काठी न रुतता फिरावे. दुपारी पाणी चढते, तेव्हा मंडळी वामकुक्षीत असतात; आणि सायंकाळी काठावर बसून त्याचे माघारी जाणे पाहता येते. उलट पौर्णिमेच्या आसपास गेल्यास उधाणाची भरती भर दुपारी येते, वाळू जवळजवळ नाहीशी होते, आणि ओहोटी सापडते ती पहाटे अगर दिवेलागणीस. उधाणाचा जोर पर्वानंतर एक-दोन दिवस अधिकच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

यावर घरातील वडील मंडळींचा आक्षेप येणार, की समुद्रस्नान पर्वकाळीच करावे असे शास्त्र आहे. मग तृतीयेस जाऊन काय करावयाचे? आक्षेप खोटा नाही. पण पर्व आणि उधाण हे एकाच दिवशी येतात, हेही तितकेच खरे. ज्यांस पर्वस्नानच करावयाचे असेल त्यांनी पायाला पाणी लागेल इतक्याच जागी उभे राहून तांब्याने अंगावर पाणी घ्यावे. त्याने पुण्य उणे होते असे आमच्या वाचनात नाही. हरिहरेश्वरी जाणाऱ्यांस तर वेळेचा विचार केल्यावाचून गत्यंतरच नाही. तेथील प्रदक्षिणेचा मार्ग पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने खडकांवरून जातो, आणि ओहोटी असेल तरच तो मोकळा असतो. भरतीच्या वेळी अथवा पावसाळ्यात तेथे उतरलेली माणसे लाटेने ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. पर्वकाळी ओहोटी सर्वांत खोल जाते, आणि ती सकाळी सहाच्या सुमारास असते. तेव्हा पौर्णिमेस प्रदक्षिणा करणाऱ्याने पहाटेच उठावे. आठ वाजता चहा घेऊन निघणाऱ्याने देवळातूनच नमस्कार करावा.

एवढे सांगून आम्ही थांबलो तर मात्र वाचकांची दिशाभूल होईल. तिथी वेळ सांगते, जागा सांगत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले, पुण्याच्या एका महाविद्यालयाचे बाराहून अधिक विद्यार्थी बुडाले. आम्ही त्या दिवसाची तिथी काढून पाहिली. पौष वद्य अष्टमी, शके १९३७. म्हणजे उधाण नाही, उलट भांगाची भरती, ज्या दिवशी पाण्याचा चढउतार सर्वांत कमी. महिना माघाच्या तोंडाचा, आभाळ स्वच्छ असण्याचा. पंचांगाच्या दृष्टीने इतका सौम्य दिवस दुसरा सापडणे कठीण. गणिताने ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, आणि तेथून पुढे पाणी चढते. कोणत्याही सपाट किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी मनुष्य गुडघाभर पाण्यातून फार दूरवर चालत जाऊ शकतो. पाणी फिरले म्हणजे ते समोरून तर येतेच, पण मागे राहिलेल्या सखल चरांतूनही भरत येते, आणि ज्या वाटेने गेलो ती वाट परतताना तशी राहात नाही. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच एक नियम बांधून घ्यावा. मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी जाऊ द्यावयाचे नाही. मोठ्यांनी कमरेच्या आत थांबावयाचे. आणि दोघा कर्त्या माणसांनी पाण्यात न उतरता काठावर उभे राहून आळीपाळीने मुले मोजीत राहावयाची. मोजणे हे काम काकूंवर किंवा वहिनींवर टाकून पुरुषमंडळींनी पोहावयास जाऊ नये. त्या एका हाताने टॉवेल, दुसऱ्या हाताने डबा आणि तिसरा नसलेला हात मुलासाठी, अशा अवस्थेत असतात.

समुद्रास ‘ओढ’ आहे असे किनाऱ्यावरील माणूस म्हणतो, तेव्हा तो काय म्हणतो ते समजून घ्यावे. लाटांनी काठाशी आणून टाकलेले पाणी कोठून तरी परत जावेच लागते; ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत खेचले जाते. आजूबाजूस लाटा फुटून पांढरा फेस दिसतो, आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद रंगाचा, बिनलाटांचा दिसतो. नवखा मनुष्य तोच निर्धोक समजून तेथे उतरतो. खरा धोका तेथेच असतो. अशा ओढीत सापडलेल्याने सरळ काठाकडे पोहण्याची शर्थ करू नये, त्याने दम संपतो. काठाशी समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. पोहणे येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. आणि वाचविण्यास जाणाऱ्याने अंगच्या कपड्यांनिशी उडी टाकण्यापूर्वी दोरी, हवा भरलेली रबरी नळी, निदान बूच घट्ट लावलेला रिकामा डबा तरी फेकावा. एकास वाचविताना घरातील दुसरा गेला, असे पुष्कळदा झालेले आहे.

या सर्वांवरून हॉटेलवाल्यास विचारावयाचे प्रश्न आपोआप सुचतात. किनाऱ्यावर जीवरक्षक नेमलेला आहे काय, आणि किती वाजेपर्यंत? स्नानास बंदी असलेला भाग कोणता? गणपतीपुळ्यास देवळासमोरच समुद्र, म्हणून दर्शन झाले की मंडळी थेट पाण्यात उतरतात. पण तेथे उतार एकदम आहे व धोक्याच्या सूचनाही लावलेल्या असतात, त्या वाचाव्यात. गुहागरचा सहा किलोमीटर लांबीचा किनारा चालण्यास फार रमणीय, आणि व्याडेश्वर हे कित्येक घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे देवदर्शन व हवापालट एकाच फेरीत साधतात. दापोलीकडील मुरूडास जावयाचे असेल तर खोली राखताना जिल्ह्याचे नाव नीट पाहावे. मुरूड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचे, रायगडात, आणि दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात, जेथे महर्षी कर्व्यांचे बालपण गेले. नावावर भुलून पैसे भरणाऱ्यास भलत्याच गावी खोली मिळावयाची.

‘अगदी वाळूवर’ अशी जाहिरात असेल तर आम्ही अधिक चौकशी करू. १९९१ सालच्या किनारा-नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत नवे बांधकाम बंद केले होते. २०११ व २०१९ साली नियम बदलले, आणि दाट वस्तीच्या ग्रामीण भागापुरता तो पट्टा पुढे ५० मीटरांवर आला. तेव्हा लाटांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतीची परवानगी काय आहे हे विचारण्यात अवघडण्याचे कारण नाही. शिवाय सत्तरीपुढील आजींस समुद्र खिडकीतून दिसण्यापेक्षा खोली तळमजल्यावर असणे, कमोड असणे आणि न्हाणीघरात धरावयास दांडी असणे या गोष्टी अधिक सुखाच्या. हे चित्रांत दिसत नाही. दूरध्वनीवर प्रत्यक्ष बोलूनच कळते.

जेवणाची बाब थोडक्यात. एकादशी अथवा संकष्टी मध्ये येत असेल तर आधी सांगावे, म्हणजे वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी मिळते. ऐन वेळी सांगितल्यास बटाट्याच्या चकत्यांवर दिवस काढावा लागतो. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत काय, हे सोवळ्याच्या नव्हे तर आजोबांच्या जेवणाच्या दृष्टीने विचारावे. मनात शंका असली की घास उतरत नाही. अंगारकीस गणपतीपुळे मुक्कामासाठी निवडू नये. गर्दीत देवही नीट भेटत नाही आणि समुद्रही नाही.

ऋतू कार्तिकापासून माघापर्यंतचा उत्तम. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला त्यांच्या होड्याही ज्या दिवसांत काठावर ओढलेल्या असतात, त्या दिवसांत आपण पोरेबाळे घेऊन पाण्यात उतरावे काय, याचा ज्याने त्याने विचार करावा. पावसाळ्यात जावयाचेच तर समुद्र दुरून पाहण्यास जावे. आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक निराळे असते, तेही पाहून ठेवावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणून क्रम असा ठेवावा, की प्रथम पंचांगातून तिथी, मग साठ दिवस मागे मोजून तिकिटे, आणि तिकिटे हाती आल्यावरच खोलीचे पूर्ण पैसे. रात्रीच्या गाडीने रत्नागिरीस पहाटे उतरणाऱ्यांनी खोली कितीस ताब्यात मिळते हेही ठरवून घ्यावे. बहुतेक ठिकाणी दुपारखेरीज मिळत नाही, आणि जागरण झालेली मुले व वृद्ध माणसे बैठकीच्या खोलीत ट्रंकांवर बसवून ठेवणे बरे नव्हे. एखादी तरी खोली पहाटेपासून मिळावी म्हणून अर्ध्या दिवसाचे भाडे जादा द्यावे लागले तरी द्यावे.

सामानाविषयी एकच सूचना. चौदा माणसांचे ओले कपडे वाळत कोठे घालावयाचे, हे कोणत्याही हॉटेलच्या चित्रात दाखविलेले नसते. सुतळीचा गुंडा आणि दोन डझन चिमटे बरोबर असू द्यावेत.