वीस एकरांची डबी

फोटोच्या रोलची जुनी काळी डबी ज्यांनी हाताळली आहे, त्यांना मी लपवते त्या वस्तूचा आकार लगेच कळेल. आत कागदाची गुंडाळलेली पट्टी. शोधणाऱ्याने तिच्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच परत ठेवायची. जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग या खेळाच्या संकेतस्थळावर असतात. ते मोबाइलवर पाहत कोणीही शोधायला यावे. वस्तू एवढीशी, पण ती एकदा ठेवली की भोवतालची सुमारे वीस एकर जमीन दुसऱ्यांच्या डब्यांना बंद होते.

नियमच तसा आहे. लपवलेल्या ठेव्याला या खेळात कॅश म्हणतात; दोन वेगवेगळ्या कॅशच्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागते. ते सरळ रेषेत मोजायचे. मध्ये खाडी आली, पूल लांब पडला, तरी हिशोब तोच. ठाण्यात कचराळीसारख्या लहान तलावाच्या काठी एक डबी ठेवली, की बहुतेक तलाव तिच्याच वर्तुळात जातो. म्हणून जागा निवडताना मी आधी स्वतःला विचारते, ही जागा एवढे अडवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे का? नुसती घरापासून जवळ आहे, हे कारण मला पुरत नाही.

हा खेळ २००० सालच्या मे महिन्यात सुरू झाला. जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने २ मे रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हा जगात एकच डबा होता. डबे वाढले तसा अंतराचा प्रश्न आला. एका डबीच्या शोधात दुसरीच सापडू नये, हे नियमाचे एक कारण. मोकळ्या मैदानात मोबाइल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमध्ये भिंतींवर आपटून आलेल्या लहरींमुळे चूक आणखी वाढते. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते: एकाच बागेत दाटी न करता लोकांनी नवी ठिकाणे हुडकावीत. अमेरिकेतल्या नेवाडात वाळवंटातल्या एका रस्त्याच्या कडेने दर १६१ मीटरला एक, अशा हजाराहून अधिक डब्या ओळीने मांडलेल्या होत्या. नियमात ते बसते. आपल्या दाट वस्तीच्या शहरांत मात्र अशी रांग लावली, तर मागून येणाऱ्याला काहीच उरणार नाही.

मी डोंबिवलीत आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे मोजणीत माझा जीव रमतो. या खेळात जागा अंश, मिनिटे आणि मिनिटाचे हजारावे भाग यांत लिहितात. आपल्याकडे, १९ अंशांच्या पुढेमागे, उत्तर-दक्षिण १६१ मीटर म्हणजे असे साधारण ८७ भाग होतात आणि पूर्व-पश्चिम ९२, कारण रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. एवढ्यावर जुजबी हिशोब उभ्या उभ्या होतो. तरी मी दोनशे मीटर धरूनच चालते. एकाच जागी वेगवेगळ्या वेळी नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढली, तर घोळ आणखी कमी होतो.

पण नकाशा मोकळा दिसला म्हणजे जागा मोकळी असतेच असे नाही. माझ्या ठाण्याच्या भाचीने घराजवळच्या बागेतली जागा मंजुरीसाठी पाठवली आणि तिला नकार आला. ती चिडून म्हणाली, "मावशी, नकाशावर तिथे काहीच नाही गं!" नसणारच. काही कॅश अनेक टप्प्यांच्या असतात. नकाशावर फक्त आरंभ दिसतो. काहींमध्ये आधी कोडे सोडवावे लागते आणि खरी डबी नकाशावरच्या खुणेपासून दोन-तीन किलोमीटरवर असू शकते. या लपलेल्या डब्याही १६१ मीटरच्या हिशोबात येतात. त्या कुठे आहेत हे नवी कॅश तपासणाऱ्या स्वयंसेवकाला, रिव्ह्यूअरला, ठाऊक असते. म्हणून सगळी तयारी करण्याआधीच त्याला अक्षांश-रेखांश कळवून जागा मोकळी आहे का, हे विचारून घ्यावे. शेजारची जागा, मग तिच्या शेजारची, असे विचारत राहून दुसऱ्याच्या कोड्याचे उत्तर हुडकणे मात्र मला मुळीच मान्य नाही. कोणीतरी ते कोडे मन लावून रचलेले असते.

जिथे डबी ठेवता येत नाही, तिथेही माणसांना नेता येते. एखाद्या टप्प्यावर डबी नसेल, फक्त पाटीवरचा आकडा वाचायचा असेल, तर त्याला अंतराचा नियम लागत नाही. आपल्या भागासाठी ही मोठीच सोय आहे. रेल्वे स्थानके बाद, कारण बेवारस वस्तूला हात लावू नका ही सूचना आपण रोज ऐकतो आणि ती योग्यच आहे. येऊर राष्ट्रीय उद्यानात मोडते. अंबरनाथचे शिवमंदिर संरक्षित स्मारक आहे. पण त्या मंदिराच्या शिलालेखातले शके ९८२ हे आकडे कोड्यात घालता येतात. पहिली गाडी ठाण्याला आली तो १६ एप्रिल १८५३ आणि लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला तो १ मे १८५४, या तारखाही घालता येतात. त्यांतून निघणारी शेवटची जागा मात्र अशी हवी, की तिथल्या मालकाची परवानगी आहे आणि खाली वाकून शोधणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहणार नाही. बागेच्या माळ्याला आणि वॉचमनला मी आधीच सगळे समजावून सांगते.

देखभाल जमेनाशी झाली, तर डबी उचलून आणावी आणि संकेतस्थळावरचे तिचे पान बंद करावे. पावसाळ्यात ओल शिरून आतला कागद कुजतो. अशी डबी कोणाच्या उपयोगाची नसते, तरी पान चालू असेपर्यंत वीस एकर धरून बसते. माझ्या एका डबीजवळ बागेचे काम निघाले आहे, ती मी या महिन्यात काढते आहे. ते वर्तुळ मोकळे होईल. भाचीला मात्र कल्याणचा काळा तलाव हवा आहे. आधी रिव्ह्यूअरला विचारायचे आणि मग परवानगीचा अर्ज करायचा, असे आमचे ठरले आहे.