इक्वेडोर : दूरस्थ कामगारांचा व्हिसा आणि जोखमीचा प्रश्न

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे कामाचे ठिकाण आणि वास्तव्याचे ठिकाण यांतील पूर्वापार नाते सैल झाले आहे. अशा कामगारांना आकर्षित करण्यासाठी अनेक राष्ट्रांनी रहिवासाचे स्वतंत्र परवाने सुरू केले. त्यांत दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. कारण या देशाने २०२२ मध्ये परवान्याचे दार उघडले आणि अवघ्या दोन वर्षांत, जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष डॅनियल नोबोआ यांनी देशात 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' असल्याचे जाहीर केले. प्रस्तुत लेखात या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासला आहे.

परवान्याचे स्वरूप :

हा तात्पुरत्या रहिवासाचा परवाना दोन वर्षांचा असतो. अर्जदाराचे उत्पन्न इक्वेडोरबाहेरून यावे आणि ते देशाच्या मूळ किमान वेतनाच्या तिप्पट असावे, ही त्याची मुख्य अट होय. २०२५ मध्ये हे वेतन ४७० डॉलर असल्याने मर्यादा दरमहा १,४१० डॉलर ठरली. इक्वेडोरने २००० साली स्वतःचे सुक्रे हे चलन सोडून अमेरिकी डॉलर स्वीकारला. त्यामुळे डॉलरमध्ये मिळकत असणाऱ्यास विनिमयदराची चिंता उरत नाही. याखेरीज पोलिसांचा चारित्र्य दाखला, त्यावरील अपोस्टिल, स्पॅनिश भाषांतर आणि आरोग्य विमा आवश्यक असतो. भारतीय पारपत्रधारकांना २०१९ पासून पर्यटनासाठीही आधी व्हिसा घ्यावा लागतो; 'आधी जाऊन पाहू, मग ठरवू' ही युरोपीय अर्जदारांची सवय त्यांना परवडणारी नाही.

जोखीम आणि विमा :

खरी अडचण विम्यापाशी आहे. परवान्यासाठी विमा सक्तीचा. परंतु अनेक पॉलिसींमध्ये युद्ध, यादवी अथवा सशस्त्र संघर्षातून उद्भवलेली हानी वगळलेली असते. शासनानेच संघर्ष जाहीर केल्यावर या कलमाचा अर्थ कसा लावला जाईल, हा प्रश्न केवळ शाब्दिक राहत नाही. अर्जदार बहुधा विम्याची पावती जोडतो, वगळण्याची कलमे वाचत नाही. ही कलमे वाचणे हेच अर्जातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हटले पाहिजे.

धोका सर्वत्र सारखा नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. ग्वायाकिल बंदर व किनारपट्टीचे प्रांत अमली पदार्थांच्या वाहतुकीमुळे अधिक होरपळले आहेत. पर्वतीय क्वेंका शहर त्या मानाने शांत समजले जाते. तथापि संचारबंदीचा आदेश निघाला की शांत शहरालाही तो लागू होऊ शकतो; जानेवारी २०२४ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ अशी संचारबंदी देशभर होती.

दुसरे संकट विजेचे. देशाची वीज मुख्यतः जलविद्युत प्रकल्पांतून येते. २०२४ च्या तीव्र अवर्षणात ऑक्टोबरअखेरीस दिवसाला १४ तासांपर्यंत भारनियमन झाले. भारनियमन महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मात्र ज्याचा रहिवास परदेशी मालकाच्या वेतनावर आणि ते वेतन इंटरनेटवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत खंडित वीज थेट परवान्याच्या अटीला धक्का देते.

अन्य मार्ग :

पदवीधारकांसाठी व्यावसायिक व्हिसा हा निराळा पर्याय उपलब्ध आहे. त्यास उत्पन्नाची अट सौम्य असली तरी पदवीची इक्वेडोरच्या शासनाकडे नोंदणी करावी लागते. कोणताही मार्ग घेतला तरी वर्षात १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाल्यास तेथील करनिवासी ठरण्याचा प्रश्न येतो, आणि त्याचा हिशेब प्रस्थानापूर्वीच मांडावा लागतो.