वरिष्ठ, कनिष्ठ आणि विश्वास

संस्था लहान असो की मोठी, तीत काम सांगणारे थोडे असतात आणि काम करणारे पुष्कळ असतात. या दोघांमध्ये विश्वास असावा, हे कोणीही मान्य करील. परंतु तो उत्पन्न कसा होतो आणि नाहीसा कशाने होतो, याचा विचार सहसा होत नाही. आपल्या संस्थेच्या महोत्सवी अंकात हा विषय आम्ही घेतला, याचे कारण उघड आहे. आपली संस्था ‘विश्वस्त’ चालवितात. म्हणजे विश्वास हेच तिचे मूळ भांडवल होय.

प्रथम आज्ञापालन आणि विश्वास यांतील भेद ध्यानात घ्यावा. जुन्या कापडगिरण्यांत जॉबर असे. माणूस कामावर घेणे, काढणे, बदलीवाल्याला पाळी देणे, हे बहुतांशी त्याच्याच हाती असे. कामगार त्याचे ऐकत, पण भीतीपोटी. त्याला चिरीमिरी देत, ती नोकरी टिकावी म्हणून. अशा ठिकाणी काम चालते, पण यंत्र बिघडत असले तरी आपण होऊन कोणी सांगत नाही. जेथे बिघाड सांगणाराच दोषी ठरतो, तेथे वरिष्ठांच्या कानी फक्त गोड बातम्या जातात. हाताखालच्या माणसाला वाईट बातमी सांगण्याचे भय वाटू नये, ही विश्वासाची पहिली खूण आहे.

दुसरे असे की, मतभेद झाला म्हणजे विश्वास गेला असे नव्हे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत प्लेगच्या दिवसांत सुरू झालेला बोनस बंद होऊ लागला, तेव्हा कामगारांनी पगारात ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते, तर कामगारांच्या बाजूला गांधीजी आणि अंबालालांची सख्खी बहीण अनसूयाबेन. गांधीजींनी चौकशी करून मागणी ३५ टक्क्यांवर आणली. म्हणजे न आवडणारी गोष्ट प्रथम त्यांनी आपल्याच माणसांना सांगितली. पुढे टाळेबंदी लांबली, घरांत दाणा उरला नाही, आणि कामगार बोलू लागले की, पुढारी मोटारीतून येतात-जातात, उपाशी राहतो ते आम्ही. हे बोल गांधीजींना लागले, पण बोलणाऱ्यांना त्यांनी दोष दिला नाही. १५ मार्चपासून स्वतःच उपवास आरंभिला. तीन दिवसांत तडजोड झाली, आणि लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच मान्य केले. या उपवासाने मालकांवर दडपण आले, हा त्यातील दोष गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नमूद केला आहे. आपली उणीव मोकळेपणी सांगितल्याने पुढाऱ्याची किंमत कमी होत नाही.

त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी आमच्या इंदुरात आले होते. इंदूरही तेव्हा गिरण्यांचे गाव बनत चालले होते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल या गिरण्यांवर पुढे हजारो घरांच्या चुली पेटल्या. हुकुमचंद मिल १९९२ च्या सुमारास बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली. खटले चालले, एक पिढी म्हातारी झाली, कित्येकजण वाट पाहता पाहता गेले. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. हक्काचे पैसे मिळाले, हे चांगलेच झाले; पण तीस वर्षांनी पाळलेला शब्द आणि वेळेवर पाळलेला शब्द यांची बरोबरी होत नाही. मात्र याच गिरण्यांच्या नावाने, त्या बंद पडल्यानंतरही, अनंत चतुर्दशीच्या रात्री रोषणाईच्या झांक्या निघत राहिल्या. मालक गेले, भोंगे थांबले, तरी कामगारांचा एकमेकांवरचा भरवसा उरला.

यावरून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. वरिष्ठाने शब्द थोडे द्यावेत, पण तारखेसह द्यावेत. तारीख टळणार असेल तर ती उलटण्यापूर्वीच कारण सांगावे. हिशेब उघडा ठेवावा. काम सोपविले की त्यात क्षणोक्षणी हात घालू नये. आम्हा शिक्षकांना हे वर्गात रोज दिसते: मुलाला फळा सांभाळायला दिला आणि दर पाच मिनिटांनी आपणच पुसू लागलो, तर तो मुलगा पुन्हा खडूला हात लावीत नाही. दोष एकान्तात सांगावा, श्रेय चारचौघांत द्यावे. आणि अडचणीची झळ प्रथम आपण सोसावी.

कनिष्ठांचेही कर्तव्य आहेच. कामाचा वेळ चोरणे, समोर होकार देऊन पाठीमागे कुजबुजणे, यांनीही विश्वास तितकाच पोखरला जातो.

आपल्या संस्थेत शिष्यवृत्तीचा अर्ज घेणारा कारकून, दारावरचा शिपाई, सुटीच्या दिवशी राबणारा स्वयंसेवक, यांच्याच तोंडून गरजू कुटुंबाला संस्थेचे पहिले उत्तर मिळते. निर्णय का झाला, अर्ज का नाकारला गेला, हे त्यांनाच ठाऊक नसेल, तर विधवा आईने कोणाला विचारावे? म्हणून आमची सूचना एवढीच की, वार्षिक सभेत जो हिशेब देणगीदारांपुढे वाचला जातो, तो संस्थेच्या नोकरवर्गापुढेही वाचावा आणि त्यांच्या शंकांना विश्वस्तांनी तेथेच उत्तर द्यावे. यास एक पैसाही खर्च नाही.