गाणारी बाई कोण? इंदूरकरांची लाडकी रहस्यकथा

इंदूरच्या शीख मोहल्ल्यात २८ सप्टेंबर १९२९ला जन्मलेल्या मुलीचं नाव ठेवलं हेमा. पुढे वडिलांच्या नाटक मंडळीच्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून ती लता झाली. म्हणजे नावाचा घोळ पाळण्यापासूनचा! जन्मघराच्या जागी आता कापडाचं दुकान आहे. आत लताबाईंचं भित्तिचित्र आहे, त्यामुळे साडी घ्यायची नसली तरी डोकावायला निमित्त मिळतं.

पहिली खरी ‘केस’ १९४९ची. भुताटकीचा ‘महल’ चित्रपट लागला, ‘आयेगा आनेवाला’ गाजलं, आणि तबकडीवर गायिकेचं नाव काय? कामिनी! हे मधुबालाच्या पात्राचं नाव. रेडिओकडे पत्रांचा ढीग पडला: ही कामिनी कोण? शेवटी खरं नाव सांगावंच लागलं. या गाण्याची सुरुवात लांबून ऐकू येते ना, त्यामागेही हातचलाखी नाही. लताबाई माइकपासून दूर उभं राहून गायला लागल्या आणि गात गात माइककडे चालत आल्या. भुताचं गाणं पायांनी रेकॉर्ड झालं म्हणा.

दुसरी केस मात्र त्यांनी स्वतःच रचली. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना ‘मोहित्यांची मंजुळा’ चित्रपटासाठी संगीतकार मिळेना. लताबाई म्हणाल्या, मी करते. भालजी कचरले, चित्रपट पडला तर उगाच लताचं नाव खराब व्हायचं. मग टोपणनाव घेऊ, असं ठरलं. ‘आनंदघन’ जन्माला आले ते असे. १९६३मध्ये ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५मध्ये ‘साधी माणसं’, १९६९मध्ये ‘तांबडी माती’. सगळा बाज अस्सल मातीतला. ‘ऐरणीच्या देवा’ची चाल ऐकून ही मुंबईच्या स्टुडिओतल्या बाईची असेल, असं कुणाला वाटणार?

‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कारांत उत्कृष्ट संगीताचं बक्षीस मिळालं. आनंदघन यांचं नाव पुकारलं, पण मंचावर कुणी येईना. शेवटी जाहीर करावं लागलं, की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लता मंगेशकर! एवढी मोठी संगीतकार हाताशी असताना मराठी चित्रपटाने तिच्याकडून जेमतेम मूठभर चित्रपट करून घेतले, ही खरी चोरी. तिचा तपास कुणी केला नाही.

नाव लपवण्याच्या या खेळाच्या नेमकं उलट तिकडे टेक्सासात. किंकी फ्रीडमन हा कंट्री म्युझिकवाला, १९७६मध्ये बॉब डिलनबरोबर दौऱ्यावर होता. १९८६मध्ये त्याने ‘ग्रीनिच किलिंग टाइम’ ही रहस्यकादंबरी लिहिली आणि तिच्यातल्या गुप्तहेराचं नाव ठेवलं किंकी फ्रीडमन. लपवाछपवीच नको! बिल क्लिंटन त्याच्या पुस्तकांचे चाहते. २००६मध्ये गडी गव्हर्नरपदाला उभाही राहिला. पडला, ते सोडा. २०२४मध्ये गेला.

पुन्हा इंदूरकडे वळू. इथे अशी छोटी प्रकरणंही पुष्कळ. किशोरकुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकायचा. ‘चलती का नाम गाडी’तल्या गाण्यातले पाच रुपये बारा आणे म्हणजे कॉलेजच्या कँटीनची उधारी, असं इथे छातीठोक सांगतात.

पण तपासकामाचा मान पिगडंबरला. इंदूरजवळच्या या गावात लताबाईंच्या एका चाहत्याने ग्रामोफोन रेकॉर्डचं अख्खं संग्रहालय उभं केलंय. जुन्या तबकड्या शोधणं हे पोलिसी कामच असतं: भंगारवाल्यांकडे चकरा मारायच्या, लेबलावरचा नंबर वाचायचा, पाठीमागच्या बाजूला काय आहे ते बघायचं, ओरखडे मोजायचे, मग भाव करायचा. आणि ‘महल’च्या तबकडीवर ‘कामिनी’ छापलेलं दिसलं, तर भाव न करता पैसे मोजायचे!

लताबाई स्वतः टीव्हीवर काय बघायच्या, माहीत आहे? ‘सीआयडी’. शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न आणि त्यांची टोळी त्यांना भलती आवडायची.