काटेरी पाहुण्यांची निगा

करामातल्या आमच्या इमारतीत समोरच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या काकू दुबईतला बावीस वर्षांचा संसार आवरून सांगलीला कायमच्या परत गेल्या, त्याला आता काही वर्षे झाली. कपाटे, फ्रीज, शिवणयंत्र, सगळ्याला गिऱ्हाईक मिळाले. उरल्या त्या गॅलरीतल्या कॅक्टसच्या ११ कुंड्या. त्या बरोबर नेण्याची काकूंची फार इच्छा होती. पण कॅक्टसचे जवळजवळ सगळे कुळच ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. परवान्याशिवाय ती झाडे सरहद्दीपलीकडे नेता येत नाहीत आणि भारतात उतरल्यावर रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो तो वेगळाच. तेव्हा जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कुंड्या माझ्या हवाली केल्या. “यांचं काही करावं लागत नाही गं,” एवढेच सांगून गेल्या.

मी ते ऐकले असते तर! मी आपली तुळशीला घालावे तसे रोज सकाळी त्यांनाही पाणी घालू लागले. उन्हात उभी आहेत बिचारी, तहानलेली असतील, ही माझी समजूत. सप्टेंबर संपेपर्यंत ११ पैकी ७ गेली. त्यांतले एक चेंडूसारखे गोल, वरून चांगले हिरवेगार होते. हात लावला तर बुंध्याशी मऊ लागले आणि आडवेच झाले. आत नुसता काळपट रस. काकूंचा महिन्याकाठी फोन येई, “माझी पोरं कशी आहेत?” म्हणून. मी “मजेत आहेत” म्हणे. त्या खोटेपणाची टोचणी लागली तेव्हा कुठे मी या झाडांचा नीट विचार करू लागले.

आपल्यापैकी पुष्कळांची पहिली चूक अशी की, आखात म्हणजे वाळवंट आणि कॅक्टस वाळवंटातला, तेव्हा इथे तो आपोआप जगणार असे आपण धरून चालतो. वास्तविक हे झाड मूळचे अरबस्तानातले नव्हे. ते अमेरिका खंडाचे. त्यातही मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया इथल्या डोंगरउतारांवरच्या कितीतरी जाती आपण कुंडीत लावतो, आणि तिथे दिवस तापला तरी रात्र गार असते. कॅक्टस आपली रंध्रे दिवसा मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो, म्हणजे पाणी वाया जात नाही. आता ऑगस्टमधली दुबईची रात्र आठवा. पारा ३० च्या खाली यायला तयार नाही आणि हवेला घाम फुटलेला. अशा वेळी बरेचसे कॅक्टस वाढ थांबवून नुसते टिकून राहतात. मुळे पाणी फारसे ओढत नाहीत, आपण मात्र ओततच राहतो. तापलेल्या ओल्या मातीत मुळांचे काय होते हे निराळे सांगायला नको.

जाता जाता एक गंमत. गावाकडे कुंपणाला लावतात तो तिधारी निवडुंग कॅक्टसच नव्हे, तो युफोर्बिया. खरचटला की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. आपल्याकडचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तोही अमेरिकेतून आलेला. आणखी आश्चर्य म्हणजे पुण्यामुंबईच्या अंगणात रात्री फुलते आणि जिच्यासाठी शेजारीपाजारी चहाला बोलावले जातात ती ‘ब्रह्मकमळ’ नावाची वेल, तीही कॅक्टसच! खरा कॅक्टस ओळखायची खूण म्हणजे काटे जिथून फुटतात तिथली लव असलेली बारीकशी गादी. ब्रह्मकमळ जंगलात झाडांवर वाढणारे असल्याने त्याला सावली आणि ओलावा हवा. खाली लिहिलेले नियम त्याला लावू नका.

पाण्याबाबत माझा आताचा रिवाज असा. ऑक्टोबर ते एप्रिल कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसून बघते. काडी कोरडी ठणठणीत निघाली तरच पाणी, आणि ते मग भोकातून वाहीपर्यंत. बशीत साचलेले लगेच ओतून देते. डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ अंशांवर उतरतात तेव्हा महिना-दीड महिना पाणी जवळजवळ बंद ठेवते, कारण पुष्कळ जातींना फूल धरायला असा थंड, कोरडा आराम लागतो. उन्हाळ्यात तर हात आखडलेलाच. लहान कुंडीतली झाडे आकसू लागली तर सूर्य मावळल्यावर थोडेसे, इतकेच. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला कढत येते हे सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा बादली रात्रभर भरून ठेवावी आणि मगच ते झाडांना घालावे.

पाण्याइतकीच महत्त्वाची माती. बाहेरची वाळू फुकट मिळते म्हणून ती भरण्याचा मोह होतो. पण टेकाडांची वाळू फार बारीक असते, ओली झाली की दबून बसते. समुद्राकाठच्या वाळूत मीठ. नर्सरीतली कुंडीची माती एक भाग, जाड खडी एक भाग आणि परलाईट किंवा प्युमिस एक भाग असे मी मिसळते. खडी मत्स्यपेटीच्या दुकानातली चालते. कुंडी साधी मातीची आणि झाडाच्या मानाने लहानच घ्यावी. भोक नसलेल्या चिनी मातीच्या शोभिवंत भांड्यात दिवाणखाना सजतो खरा, पण झाड जात नाही असे मी पाहिलेले नाही.

उन्हाचे प्रकरण जरा नाजूक आहे. आत एसीत, खिडकीपासून दूर ठेवलेला कॅक्टस उजेडासाठी वर वर ताणतो. शेंडा फिका, बारीक, पेन्सिलीसारखा होतो आणि तो भाग पुन्हा कधीच जाड होत नाही. हे बघून घाबरून कोणी त्याला एकदम पश्चिमेच्या गॅलरीत ठेवले की दोन दिवसांत अंगावर पांढरट, मग तपकिरी चट्टे. तो भाजलेला डागही कायमचा. जागा बदलायची तर थंडी सुरू झाल्यावर आणि दिवसाला तासाभराने वाढवीत. मे ते सप्टेंबर गॅलरीला हिरवी जाळी बांधावी, आणि एसीचा बाहेरचा डबा गरम हवा फेकतो त्याच्या तोंडासमोर तर कुंडी कधीच ठेवू नये. म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी खालून वर चढणारी कोरडी, टणक, खाकी साल दिसली तर काळजीचे कारण नाही. ते वय आहे. मऊ लागले तर मात्र कूज.

कूज वेळीच दिसली तर झाड वाचते, यावर माझा अनुभवाने विश्वास बसला आहे. धारदार सुरीने निरोगी भागातून कापायचे. कापलेल्या तोंडावर तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर, आणि प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसायची. तोंड स्वच्छ दिसले की गंधकाची पूड लावून तुकडा सावलीत आठ-पंधरा दिवस तसाच सुकू द्यायचा. मग कोरड्या मातीत टेकवून ठेवायचा. मुळे धरेपर्यंत पाण्याची घाई नको. काकूंचा खांबासारखा उंच कॅक्टस मी असाच वाचवला. तो आता बुटका झाला आहे, पण आहे.

किडींत मुख्य त्रास पिठ्या ढेकणाचा. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात. कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये भिजवून एकेक टिपावा, आठवड्याने पुन्हा. काही कारण नसताना झाड खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळे बघावीत; हाच शत्रू तिथेही लपतो. झाड उचलायला वर्तमानपत्राची जाड घडी करून कमरेभोवती गुंडाळावी. हे पान वापरलेत तरी संपादक रागावणार नाहीत. फड्याचे केसाएवढे काटे बोटात शिरले तर चिकटपट्टी लावून उपटावेत.

खरेदीचे दोन शब्द. वरसानच्या नर्सऱ्यांत चांगली रोपे मिळतात, पण डोळे उघडे हवेत. मी एका दुकानातून फुललेले झाड मोठ्या कौतुकाने आणले. ते फूल सुकेना, कोमेजेना. शेवटी बोट लावून बघितले तर डिंकाने चिकटवलेले वाळके फूल! लाल-पिवळ्या टोपीचा ‘मून कॅक्टस’ मात्र खोटा नव्हे. त्या गोळ्यात हरितद्रव्य नाही म्हणून तो दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर कलम केलेला असतो. जोडी सहसा थोडीच वर्षे टिकते, एवढे समजून घ्यावा.

काकूंना अखेर मी फोनवर सगळे खरे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, “अगं, माझी पहिल्या वर्षी सगळीच गेली होती. तुझी चार तरी राहिली.”

त्या चारांतल्या मामिलारियाला गेल्या मार्चमध्ये डोक्याभोवती गुलाबी फुलांचे कडे आले. बुंध्याशी पाच पिल्लेही आहेत. ऑक्टोबरात ती सुटी करायची आहेत. तळमजल्यावर नवीनच आलेल्या नाशिकच्या बिऱ्हाडाने दोन मागून ठेवली आहेत. त्यांच्या गॅलरीत मला एक मोठा झारा दिसला, तेवढी धास्ती आहे.